आमरीचा सोबती

इंदिरानगर ही नाशिकची दक्षिणेकडील वसाहत. मुंबई-आग्रा महामार्ग तिच्या बगलेने जातो आणि नैर्ऋत्येस पांडवलेण्यांचा डोंगर उभा दिसतो. तेथील शिलालेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’, म्हणजेच त्रिरश्मी, असे म्हटले आहे. आषाढ लागला की या डोंगरापलीकडचे आकाश काळवंडते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी ढगांत बुडून जातात. मौज अशी की, पश्चिमेला धो धो पाऊस कोसळत असताना इंदिरानगराच्या गच्च्यांवर मात्र नुसती भुरभुर चाललेली असते. नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून अवघ्या ४५ किलोमीटरांवरील इगतपुरीस तो तीन हजारांच्याही वर जातो. एवढ्या थोड्या अंतरात निसर्गाने एवढी मोठी तफावत करून ठेवली आहे की, दोन्हीकडची माती, गवत, झाडे आणि फुले ही एकाच जिल्ह्यातील असूनही एकमेकांना अनोळखी वाटावीत.

या ओल्या पश्चिम पट्ट्यातील डोंगरांवर पहिला पाऊस पडून गेला की, गवताची पाती पुरती वर येण्यापूर्वीच एक लहानशी वनस्पती जमिनीतून डोके काढते. तिला एकच पान असते, क्वचित दोन. ते वाटोळे, मांसल आणि जमिनीला असे चिकटून पसरलेले असते, की जणू कोणी हिरवी थाळीच पालथी घातली आहे. त्या पानाच्या मधोमध एक दांडा उभा राहतो आणि त्यावर दोन-चार शुभ्र फुले येतात. प्रत्येक फुलाच्या मागे एक नळीसारखी सोंड लोंबत असते आणि तिच्या तळाशी मधाचा थेंब साठलेला असतो. ही आमरी होय. आमरी म्हणजे जिला इंग्रजीच्या वळणाने आपण ऑर्किड म्हणतो, त्या कुलातील वनस्पती. शास्त्रज्ञांनी हिला हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस असे लांबलचक नाव दिले आहे. ते उच्चारता उच्चारता फूल कोमेजून जाईल अशी भीती वाटते! ‘हॅबेना’ म्हणजे लॅटिन भाषेत लगाम किंवा चामड्याची पट्टी. फुलांच्या लांबट अवयवांवरून हे नाव पडले.

एका आषाढात इंदिरानगरातील एक सातवीत शिकणारा मुलगा आपल्या आजोबांबरोबर अंजनेरीच्या पठारावर गेला होता. धुके उतरले होते, वारा अंगाला झोंबत होता आणि पायाखाली त्या पांढऱ्या फुलांचा सडा पडल्यासारखा भासत होता. मुलाला ती फुले इतकी आवडली की, तो तेथेच बसकण मारून राहिला. जवळच कांबळ्याची खोळ डोक्यावर घेऊन एक म्हातारा गुराखी उभा होता.

“बाबा, याचं नाव काय?” मुलाने विचारले.

“पावसाचं फूल हाये ते, पोरा. आम्ही काय त्याला नाव ठेवलं न्हाय.”

“घरी नेऊन लावलं तर येईल का हो?”

म्हातारा हसला. “कांदा येईल तुझ्यासंगं. डोंगर कसा येईल?”

परंतु मुलाला हे बोलणे म्हणजे म्हातारपणचे विनोद वाटले. आजोबांनाही नातवाचे मन मोडवेना. त्यांनी चाकूने भोवतालची माती उकरून एक रोप कंदासह अलगद काढले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि संध्याकाळच्या आत ते इंदिरानगरातील गच्चीवर एका नव्या कुंडीत विसावले. कुंडीत चाळलेली पोयट्याची माती होती, मुरलेले शेणखत होते. मुलाने रोज पाणी घातले. आठ दिवस फुले टवटवीत राहिली. पुढे ती सुकली, पान पिवळे पडले आणि दिवाळीच्या सुमारास कुंडी मोकळी दिसू लागली. आजोबा म्हणाले, “कंद आत झोपला असेल, पुढच्या पावसात उठेल.” आणि खरोखरच तो उठला! दुसऱ्या वर्षी जूनच्या अखेरीस कुंडीतून पान वर आले. पण ते तळहाताएवढे नव्हते, रुपयाच्या नाण्याएवढे होते. फूल आले नाही. तिसऱ्या वर्षी काहीच आले नाही. कुंडी उपडी केली तेव्हा मातीत सुकलेल्या सालीखेरीज काही सापडले नाही.

ऊन मिळाले, पाणी मिळाले, माती मिळाली, माया तर उदंड मिळाली. मग उणे काय पडले? हा प्रश्न त्या मुलापुरता नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ याच प्रश्नापाशी अडले होते, आणि त्यांच्या हाती तर काचेची हरितगृहे होती.

याचे उत्तर आमरीच्या बीपासून शोधावे लागते. हरभऱ्याचा दाणा फोडून पाहिला तर त्यात दोन डाळिंब्या दिसतात. तो बाळरोपाचा शिधा असतो. आई मुलाला परगावी धाडताना फराळाचा डबा बांधून देते, तद्वत बहुतेक वनस्पती बीबरोबर अन्न देतात. ज्वारी, भुईमूग, आंबा, नारळ, सर्वांची हीच रीत. आमरी मात्र आपल्या लेकरांना रिकाम्या हाताने घराबाहेर काढते. तिचे बी म्हणजे भुकटीचा एक कण. एक पातळ जाळीदार पापुद्रा आणि त्यात मोजक्या पेशींचा एक गोळा, बस्स. ना डाळिंबी, ना पिठूळ साठा. एक ग्रॅम वजनात अशा लाखो बिया मावतात. शिधा न दिल्यामुळे बी हलके होते आणि वाऱ्यावर दूरवर जाते. शिधा न दिल्यामुळेच त्याची संख्या अमाप वाढविता येते. चार्ल्स डार्विन याने आमरींवर जो ग्रंथ १८६२ साली लिहिला, त्यात इंग्लंडातील एका आमरीच्या बिया मोजल्याचा हिशेब आहे. एका बोंडात सुमारे ६,२०० आणि एका झाडावर १,८६,३०० बिया भरल्या. त्या सगळ्या रुजल्या तर त्या एका झाडाची पणतवंडेच पृथ्वीवरील सारी जमीन जवळजवळ झाकून टाकतील, असे त्याने गणित मांडले. मग पृथ्वी आमरींनी झाकली का जात नाही? ही वाढ कशाने रोखली जाते ते ठाऊक नाही, असे त्या थोर पुरुषाने प्रांजळपणे लिहून ठेवले.

हे कोडे सोडविण्याचा मान एका पंचवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाकडे जातो. नोएल बर्नार हे त्याचे नाव. १८९९ साली तो पॅरिसजवळील मेलँ या गावी सक्तीची लष्करी सेवा बजावीत होता. मोकळा वेळ मिळाला की तो जवळच्या फाँतेनब्लोच्या अरण्यात भटके. मे महिन्याच्या आरंभी एके दिवशी त्याला तेथे नेओटिया नावाच्या आमरीचा एक वाळका दांडा सापडला. हा दांडा आदल्या वर्षी मोडून पडला होता आणि पाचोळ्याखाली गाडला गेला होता. दुसरा कोणी असता तर त्याने तो पायाने बाजूला सारला असता. बर्नारने त्यावरची बोंडे उघडून पाहिली. आतील बिया बाहेर उधळल्या न जाता जागच्या जागी रुजत होत्या! कोणी नुकतीच फुगलेली, कोणी गाठीएवढी झालेली, अशा सर्व अवस्था एकाच ठिकाणी मिळाल्या. त्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. जे जे बी रुजले होते, त्या प्रत्येकात एका बुरशीचे धागे शिरलेले होते.

बुरशी म्हटले की आपल्याला लोणच्यावरची साय किंवा पावावरचे हिरवे डाग आठवतात आणि नाक मुरडले जाते. झाडांच्या मुळांशी बुरशीचे नाते असते हे त्यापूर्वी ठाऊक झालेले होते. जर्मनीतील फ्रांक याने १८८५ साली त्या जोडगोळीला ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, असे नावही दिले होते. पण बुरशीवाचून एखाद्या वनस्पतीचा जन्मच होऊ शकत नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. बर्नारने ती ओळखली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. पुढे १९०३ साली त्याने मुळांतील बुरशी वेगळी काढून वाढविली आणि तिच्या साहाय्याने बिया रुजवून दाखविल्या. नुसत्या ठेवलेल्या बिया जशाच्या तशा पडून राहिल्या. बुरशी जवळ आली त्या वाढू लागल्या. इतके मोठे काम करून हा मनुष्य १९११ साली वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी क्षयाने मरण पावला. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हे नाते जुळते कसे, ते पाहण्यासारखे आहे. डोंगरउतारावर कुजणाऱ्या पानांत, मेलेल्या गवताच्या मुळांत बुरशीचे धागे पसरलेले असतात. ते केसाहूनही कितीतरी बारीक. कुजक्या पदार्थांतून साखर आणि क्षार शोषून घेणे हा त्यांचा उद्योग. असा एखादा धागा आमरीच्या बीजवळ येतो आणि त्याच्या एका टोकाने आत शिरतो. तो खरे पाहता शिकारीसाठी आलेला असतो. पेशीत शिरल्यावर तो वेटोळ्यांवर वेटोळी घालू लागतो, सुताची गुंडी भरावी तसा. आणि येथेच डाव उलटतो. काही दिवसांनी ती पेशी त्या गुंडीलाच पचवून टाकते! धाग्यांतील साखर आणि क्षार बीला मिळतात. मग दुसरा धागा येतो, पुन्हा गुंडी, पुन्हा पचन. या चोरट्या शिध्यावर बीची एक इवलीशी गाठ बनते. तिला पान नसते, मूळ नसते, हिरवेपणाही बहुधा नसतो. कित्येक जातींत ती महिनोन्‌महिने, काहींत तर वर्षानुवर्षे, मातीतच राहते आणि मग कोठे पहिले पान उजेडात येते.

पण हा डाव नेहमीच बीच्या बाजूने पडतो असे मात्र नाही. बुरशी वरचढ ठरली तर ती बीलाच खाऊन टाकते. बी फारच कडक निघाले आणि त्याने धाग्याला आत येऊच दिले नाही, तर ते उपाशी मरते. या दोहोंच्या मधील एक अरुंद वाट आहे. त्या वाटेने जे बी जाते, तेवढेच जगते. लाखो बिया कोठे नाहीशा होतात, या डार्विनच्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर येथे मिळते.

आता कोणी म्हणेल की, ही तर निव्वळ लूट झाली. बुरशीने राबावे आणि आमरीने खावे. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञही असेच समजत होते. २००६ साली ब्रिटनमधील काही संशोधकांनी गुडयेरा नावाच्या हिरव्या पानांच्या आमरीवर प्रयोग केले, तेव्हा असे दिसून आले की, मोठी झालेली आमरी आपल्या पानांनी तयार केलेल्या अन्नाचा वाटा बुरशीला देते आणि बुरशी तिला जमिनीतील नायट्रोजन पुरविते. म्हणजे बालपणी घेतलेले देणे ती निदान काही अंशी तरी फेडते. सगळ्याच फेडतात असे मात्र नव्हे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली जी यादी प्रसिद्ध केली, तीत भारतातील आमरींच्या १,२५६ जाती नोंदविल्या आहेत. त्यांपैकी ४३ जाती आपले अन्न स्वतः करीतच नाहीत. त्या जन्मभर बुरशीच्या जिवावर जगतात. आमरींच्या कुळातही ऐतखाऊ मंडळी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याउलट झाडांच्या फांद्यांवर जगणाऱ्या आमरींवर मात्र लोक उगीचच आळ घेतात. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या रानात आंबा, जांभूळ, ऐन अशा वृक्षांवर त्यांची जाड पाने आणि लोंबती मुळे दिसतात. जिच्या जांभळट फुलांचा घोस वेणीसारखा लोंबतो ती ‘सीतेची वेणी’ याच जातकुळीची. लोक त्यांना बांडगूळ समजून तोडून टाकतात. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळे खुपसून रस ओढते; आमरी फांदीवर फक्त बसलेली असते. पावसाचे पाणी, हवेतील दमटपणा आणि सालीच्या भेगांतील कुजकट यांवर तिचे भागते. आणि त्या भेगांतही तिची बुरशी असतेच. म्हणून जुन्या, खरबरीत सालीच्या वृक्षावर आमरी सापडते. शेजारच्या गुळगुळीत, तरण्या झाडावर तिचा मागमूस नसतो.

अंजनेरीच्या त्या पांढऱ्या फुलांकडे पुन्हा वळू. कुंडीतील रोप दुसऱ्या वर्षी उगवले आणि तिसऱ्या वर्षी संपले, असे का झाले? जमिनीवरील आमरीचा जीवनक्रम मोठा नेमका असतो. जूनमध्ये जुन्या कंदातील साठ्यावर कोंब फुटतो आणि त्याच्या बुडाशी थोडी आखूड, मांसल मुळे सुटतात. त्या मुळांत भोवतालच्या मातीतून बुरशी शिरते. कंदात ती सहसा नसते. मुळे मात्र दरवर्षी नवी आणि त्यांतील बुरशीही दरवर्षी नव्याने यावयाची. पान पसरते, फुले येतात आणि त्याच वेळी मातीत जुन्या कंदाशेजारी एक नवा कंद भरू लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जुना कंद रिता होऊन सुरकुततो, नवा गुबगुबीत होतो, पान वाळते. मग आठ महिने वर काहीही नाही. उन्हाने कातळ तापतो, गवत वाळते, कधी वणवाही येऊन जातो, आणि तो कंद मातीत स्वस्थ पडून असतो.

याचा अर्थ असा की, फुले पाहून रोप उपटले तेव्हा नवा कंद अर्धवटच भरलेला होता. त्या अर्धवट पुंजीवर दुसऱ्या वर्षी नाण्याएवढे पान निघाले. मुळे सुटली, पण कुंडीतील चाळलेल्या मातीत त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. डोंगरावरची जी थोडी माती कंदाबरोबर आली असेल, तीतील बुरशीला खावयास पाचोळा नव्हता. शिवाय शेणखताची ती श्रीमंती! डोंगरउतारावरची माती गरीब असते आणि आमरीला गरीब मातीच मानवते. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची खैरात झाली की, बुरशी आणि मूळ यांची सोबत बिघडते. युरोपात कित्येक कुरणे शतकानुशतके आमरींनी फुलत असत; त्यांवर रासायनिक खते पडू लागली, गवत माजले आणि आमरी दिसेनाशा झाल्या. भरीस भर म्हणजे मुलाने मायेने हिवाळ्यातही कुंडीत पाणी घातले. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे कुजण्याचे आमंत्रणच होय. म्हातारा गुराखी हे सारे शास्त्र शिकला नव्हता. त्याने फक्त उभा जन्म ती जागा पाहिली होती.

ती जागा तरी कशी असते? नाशिकचे डोंगर लाव्हाच्या थरांचे, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. काळ्या कातळावर कोठे वीतभर, कोठे बोटभर माती. पाऊस मुसळधार पडतो, पण उतारामुळे पाणी साचून राहत नाही. कातळाच्या भेगांत आणि गवताच्या मुळांत मात्र ओल टिकते. कारवीच्या दाटीखाली पानांचा खच पडतो आणि सावकाश कुजतो. धुके दिवसभर पाऊल सोडीत नाही. या सर्वांचा मेळ जमला म्हणजे आमरी येते. आणि तरीही आश्चर्य असे की, एका उतारावर शेकडो फुले असतात, आणि तसेच गवत, तशीच माती असलेल्या शेजारच्या उतारावर एकही नसते. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच दिसतात. फरक असतो तो मातीत, जेथे डोळा पोहोचत नाही. रासमुसेन आणि व्हिगम या दोन संशोधकांनी १९९३ साली यावर एक साधी पण नामी युक्ती काढली. बारीक जाळीच्या नायलॉनच्या पुड्यांत आमरीच्या बिया घालून त्या निरनिराळ्या जागी पुरून ठेवावयाच्या आणि काही महिन्यांनी उकरून पाहावयाच्या. जेथे बी फुगले, तेथे बुरशी आहे. जमिनीला प्रश्न विचारावयाची यापेक्षा सोपी रीत क्वचितच असेल.

महाराष्ट्राच्या डोंगरांतील या फुलांची गाठोडी बांधून, त्यांना ओळख देण्याचे काम पुष्कळांनी केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लाटर आणि मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेतील चार्ल्स मॅक्‌कॅन यांनीच आपल्या या एकपानी आमरीला तिचे आजचे शास्त्रीय नाव दिले. त्यांच्या मागून त्याच महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी कापडिया यांच्या सहकार्याने मुंबई इलाख्यातील आमरींवर ग्रंथ सिद्ध केला. तो १९६६ साली प्रसिद्ध झाला. जन्माने स्पेनचे असलेले सांतापाव येथलेच होऊन गेले होते. ज्या काळी घाटातील वाटांवर गाडी जात नसे, त्या काळी या मंडळींनी भर पावसात डोंगर पायांखाली घातले. त्यांच्या पुस्तकांत आमरी कोठे, केव्हा आणि कशी फुलते याची बारीक नोंद आहे. मातीतील सोबत्याची नोंद मात्र त्या मानाने फार उशिरा सुरू झाली.

आमरीवरील संकटे नवी नाहीत. अमरकंद नावाच्या आमरीचे कंद औषधासाठी उकरले जातात. ‘सालममिश्री’ म्हणून जे पौष्टिक बाजारात विकले जाते, त्यासाठीही नाना देशांत आमरींचे कंद खणून काढले गेले. फुलांच्या हौसेपायी तर अरण्येच्या अरण्ये रिकामी झाली. म्हणूनच वन्य जीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सर्व जातींच्या आमरींचा समावेश केलेला आहे, आणि १९७६ पासून भारतही त्या करारात सामील आहे. अंजनेरीला २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. याच डोंगरावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाला २००६ साली अंजनेरीचे नाव देण्यात आले, हेही येथे सांगावयास हवे. डोंगराच्या नावाने फूल ओळखले जावे हा बहुमान थोडक्याच डोंगरांना लाभतो.

परंतु व्यापारी कंद उकरतो तेव्हा निदान चोरी झाली असे म्हणता येते. उताराचा मुरूम काढून नेला जातो, रस्त्यासाठी डोंगराची कड कापली जाते, तेव्हा मातीबरोबर काय गेले हे कोणाला दिसतही नाही. कंद गेला तर एक रोप जाते. माती गेली तर पुढच्या साऱ्या बियांची सोय जाते. याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, कधी कधी सद्‌हेतूनेही हानी होते. उघडा, गवताळ उतार पाहिला की तो ओसाड आहे असे वाटून तेथे गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावण्याचा उत्साह अनेकांना येतो. झाडे लावणे हे चांगले काम खरे. पण गवताचा उतार हा ओसाड नसतो. तेथे दाट सावली आली, निराळ्या पानांचा खच पडू लागला की, उन्हात पान पसरून बसणारी आमरी तेथून हळूहळू उठून जाते. झाडे मोजली जातात, त्यांची छायाचित्रे काढली जातात. उठून गेलेल्या आमरीची नोंद कोण ठेवणार?

प्रयोगशाळेत आमरी वाढविता येत नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ल्युइस नडसन याने १९२२ साली बुरशीवाचून बिया रुजविण्याची कृती प्रसिद्ध केली. काचेच्या चंबूत साखर आणि क्षार घातलेल्या लगद्यावर बिया पेरल्या की, बुरशीने जे द्यावयाचे ते साखरच देते. आज लग्नमंडपात आणि पुष्पगुच्छांत जी परदेशी ऑर्किडे मिरवतात, त्यांच्या लागवडीमागे ही युक्ती आहे. परंतु चंबूतील रोप डोंगरावर नेऊन लावले की, तेथे साखर घालावयास कोणी येत नाही. म्हणून रानातील आमरी रानात परत न्यावयाची झाल्यास आता काही देशांतील संशोधक आधी मुळांतील बुरशी वेगळी काढतात, ती वाढवितात, तिच्यासह बी रुजवितात आणि मग दोघांना मिळून मातीत सोडतात. हे काम दीर्घ आणि चिवट आहे; प्रत्येक जातीची आवडनिवड निराळी असल्यामुळे ते घाईने होत नाही.

दरम्यान, डोंगरावरचे काम आपल्या गतीने चालूच असते. पावसाळा सरला की अंजनेरीच्या पठारावर पाने वाळून मातीत मिसळतात. जी फुले कोणी तोडली नाहीत आणि ज्यांना कीटकांनी भेट दिली, त्यांच्या जागी तपकिरी बोंडे उभी असतात. एखाद्या कोरड्या दुपारी ती बोंडे शिरांशिरांनी उकलतात आणि आतील भुकटी वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर बाहेर पडते. डोळ्यांना ती धुरासारखी दिसते. तीतील काही कातळावर पडते आणि उन्हाने मरते. काही पायवाटेवर पडते. काही वाऱ्याच्या लहरीवर अंजनेरी गावाच्या कौलांवर उतरते. एखादा कण कारवीच्या कुजक्या पानाखाली, दोन दगडांच्या भेगेत जाऊन बसतो. तेथे जवळच एक पांढरा धागा पुढे सरकत असतो.